ग्रीन इमारतीची गच्ची: आधी वजन, मग पाणी, पांढरा रंग सगळ्यात शेवटी

आमच्या कंपनीने पिंपरी-चिंचवडमध्ये स्वतःची चार मजली ऑफिस इमारत बांधायला घेतली. तिला ग्रीन मानांकन घ्यायचं ठरलं आणि गच्चीचा विषय माझ्याकडे आला. पहिल्या पंधरा दिवसांत जेवढे विक्रेते भेटून गेले, ते सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलले: ऊन परतवणारा वरचा पांढरा थर. आम्हीही त्याच्याच मागे लागलो. स्लॅबला वजन पेलेल का, पाणी कुठे जाणार, सोलरचे पाय कुठे रोवायचे हे प्रश्न नंतर आले. तोवर दोन वेळा नकाशा बदलावा लागला आणि एकदा आलेला माल परत पाठवावा लागला.

तुम्ही याच वाटेवर पहिल्यांदा पाऊल ठेवत असाल तर खालचा क्रम पाळा. गच्चीवरचे थर खालून वर चढत जातात, निर्णयही त्याच क्रमाने घ्यायचे.

१. कुठलं मानांकन, ते आधी नक्की करा

आपल्याकडे तीन नावं कानावर येतात. आयजीबीसी म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. ती सीआयआय या उद्योग संघटनेच्या अंतर्गत २००१ मध्ये सुरू झाली आणि तिचं मुख्य कार्यालय हैदराबादला आहे. तिथे सर्टिफाइड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. गृह ही टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने आणि केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मिळून उभी केलेली भारतीय पद्धत, तिच्यात एक ते पाच तारे मिळतात. तिसरं लीड, मूळचं अमेरिकेतलं.

तिन्हींचं गच्चीकडून मागणं साधारण सारखंच आहे: ऊन परतवा, उष्णता आत येऊ देऊ नका, पावसाचं पाणी वाया घालवू नका आणि जो माल वापराल त्याचा पुरावा द्या. आकडे मात्र वेगवेगळे आहेत, आणि आवृत्तीप्रमाणे ते बदलतातही. उदाहरणार्थ, लीडच्या २००९ च्या आवृत्तीत सपाट छताला ७८ एसआरआय चालत होता. चौथ्या आवृत्तीत नव्या मालासाठी ८२ लागतो, तीन वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या मालासाठी ६४. (एसआरआय म्हणजे काय ते सहाव्या पायरीत सांगते.) म्हणून प्रकल्पाची नोंदणी ज्या आवृत्तीखाली झाली, तिचीच पुस्तिका टेबलावर ठेवा. मित्राच्या प्रकल्पातले आकडे उसने घेऊ नका.

मानांकनाशिवाय ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, हीसुद्धा बघावी लागते. १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभार (जोडलेल्या सगळ्या विद्युत उपकरणांचा एकूण भार) असलेल्या व्यापारी इमारतींचा विचार करून ती तयार झाली आहे. तिच्या २०१७ च्या आवृत्तीत उघड्या गच्चीसाठी सरळ नियम आहे: सोलर किंवा यंत्रसामग्रीने व्यापलेला भाग सोडून उरलेली गच्ची एकतर थंड छत, म्हणजे ऊन परतवणारी, असावी, नाहीतर हिरवळीने झाकलेली असावी.

महाराष्ट्रात आणखी एक कारण आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ग्रीन मानांकनाच्या पायरीनुसार मूळ एफएसआयवर (भूखंडाच्या मानाने परवानगी असलेल्या बांधकामावर) ३, ५ किंवा ७ टक्के वाढीव एफएसआय मिळतो. मालक ग्रीनसाठी तयार होतात ते बऱ्याचदा इथेच. पण एकदा तो एफएसआय घेतला की मानांकन मिळवणं बंधनकारक होतं. म्हणून गच्चीच्या गुणांचा हिशेब आधीच मांडा.

२. स्ट्रक्चरल इंजिनिअरला पहिल्याच बैठकीला बोलवा

आमचा पहिला नकाशा इथेच अडला. आर्किटेक्टने अर्ध्या गच्चीवर हिरवळ दाखवली होती आणि सगळ्यांना ती आवडलीही होती. स्ट्रक्चरल इंजिनिअरने कागदाच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. भिजलेली माती घनमीटरला १६०० ते २००० किलो भरते. म्हणजे १५ सेंटीमीटर मातीचा थर चौरस मीटरला २५० ते ३०० किलो. त्याखाली कोबा असेल तर सरासरी साडेचार इंची विटांच्या कोब्याचे २०० किलोच्या आसपास आणखी. आणि आमचा स्लॅब कशासाठी डिझाइन झाला होता? माणसं वावरतात अशा गच्चीसाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकात धरलेला चल भार (माणसं, सामान यांचं हलतं वजन) चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो.

नवी इमारत असेल तर स्लॅब आणि बीम त्या हिशेबाने घेता येतात, खर्च वाढतो एवढंच. जुन्या इमारतीवर मात्र उत्साहाच्या भरात माती टाकू नका. तिथे हलक्या थरांचाच विचार करा: रंगासारखं कोटिंग, पांढरं मेम्ब्रेन (पाणी अडवणारी चादर), हलकं इन्सुलेशन. जुना कोबा काढून वजन कमी करता येतं का, तेही इंजिनिअरला विचारा. कोब्यावर कोबा चढवलेल्या गच्च्या आपल्याकडे कमी नाहीत.

इंजिनिअरकडून एक सही-शिक्क्याचं पत्र घ्या: गच्चीवर चौरस मीटरला इतकं स्थिर वजन आणि इतका चल भार चालेल. पुढचा प्रत्येक विक्रेता त्या पत्रासमोर बसवायचा.

३. गच्चीची वाटणी करा

वातानुकूलनाची बाहेरची युनिट्स, पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, सोलर, हिरवळ आणि चालायची वाट यांची जागा एकाच नकाशावर रंग देऊन दाखवा. सोलरला १ किलोवॉटमागे साधारण १० चौरस मीटर लागतात. आमची गच्ची ९०० चौरस मीटरची, त्यातले ४०० चौरस मीटर ४० किलोवॉटच्या सोलरला गेले. एसआरआयच्या हिशेबात सोलर आणि यंत्रांखालची जागा धरत नाहीत, उरलेली उघडी गच्चीच मोजतात. म्हणून हा नकाशा झाल्याशिवाय किती चौरस मीटर माल घ्यायचा तेच कळत नाही.

इथला सापळा मी अनेक इमारतींवर बघितला आहे. वॉटरप्रूफिंग पूर्ण होतं, मग सोलरवाले येतात आणि ड्रिल घेऊन स्लॅबमध्ये अँकर ठोकतात. एका पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या छताला ओल धरते. सोलरच्या खांबांचे काँक्रीटचे पाय वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्या आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्या अंगावर चढवा. वाऱ्याचा हिशेबही तेव्हाच होऊ द्या. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्याच्या वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, मुंबईचा ४४. पुण्यातलं डिझाइन उचलून मुंबईच्या गच्चीवर ठेवता येत नाही.

४. उतार आणि वॉटरप्रूफिंग

गळणारी गच्ची कितीही पांढरी असली तरी ग्रीन नाही. ती दर चार वर्षांनी फोडली जाणार आणि तो सगळा माल राडारोड्यात जाणार. त्यामुळे टिकाऊपणासाठी पैसा टाकायचा असेल तर पहिला इथे टाका.

उतार १०० ला १ पेक्षा कमी नको, ८० ला १ मिळाला तर उत्तम. पाणी जिथून खाली जातं तिथल्या पाइपच्या तोंडाशी गच्चीचा सगळ्यात खालचा बिंदू हवा. हे ऐकायला उघड वाटतं, पण पाइपच्या तोंडाभोवती बोटभर उंचवटा राहून गेलेल्या गच्च्या मी पाहिल्या आहेत. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई द्यायला लावा आणि वॉटरप्रूफिंग कठड्यावर किमान फूटभर चढू द्या.

काम झालं की पाइपची तोंडं बंद करून गच्चीवर ५० मिलिमीटर पाणी साठवा आणि ४८ ते ७२ तास तसंच ठेवा. पाणी भरल्यावर कठड्यावर खडूने रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. बाजूला एका बादलीत पाणी ठेवून तिच्यावरही रेघ मारा. बादलीतलं पाणी उन्हाने जेवढं उतरलं, गच्चीतलंही तेवढंच उतरायला हवं. जास्त उतरलं तर बाकीचं कुठेतरी झिरपलं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी बोटभर फरक दिसला. शोधत गेल्यावर जिन्याच्या दाराच्या उंबऱ्याखाली फट सापडली. ती तेव्हाच बुजवल्यामुळे पुढचे थर फोडावे लागले नाहीत.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही इथेच करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ९०० चौरस मीटरवर ६ लाख ३० हजार लिटर पडतं. त्यातलं ८० टक्के हाती लागलं तरी ५ लाख लिटर. आमच्या संडासाच्या फ्लशला आणि बागेला ते कित्येक महिने पुरतं. ज्या गच्चीचं पाणी साठवायचं, तिच्यावरच्या कोटिंगमधून काही विरघळत नाही ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

५. इन्सुलेशन

"कोबा घातला की गच्ची थंड राहते" हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. कोब्याने फरक पडतो, पण किती ते आकड्यांत बघा. सहा इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू, म्हणजे छतातून उष्णता किती वेगाने आत येते ते माप, तीनच्या वर असते. कोबा घातल्यावरही ती दोनच्या खाली सहजी येत नाही. ईसीबीसी २०१७ बहुतेक प्रकारच्या व्यापारी इमारतींच्या छतासाठी ०.३३ मागते. हे अंतर नुसत्या कोब्याने कधीच भरून निघणार नाही, इन्सुलेशनचा थर लागतोच.

आमच्या हिशेबात ०.३३ गाठायला पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, साधारण ६० ते ६५ मिलिमीटर लागत होता. एक्सपीएसचे, म्हणजे घट्ट पॉलिस्टायरीन फोमचे, बोर्ड ८० मिलिमीटरच्या आसपास, आणि थर्माकोल म्हणजे ईपीएस ९० च्या पुढे. आम्ही एक्सपीएस घेतला, कारण तो पाणी फारच कमी शोषतो आणि वॉटरप्रूफिंगच्या वर ठेवता येतो. त्याने वॉटरप्रूफिंगला ऊन लागत नाही आणि त्याचं आयुष्य वाढतं. ईपीएस ओला झाला की त्याचा गुण कमी होतो, त्यामुळे तो वर उघड्यावर नको. पत्र्याचं छप्पर असेल तर सँडविच पॅनेल सोयीचे. तिथे पफऐवजी पीआयआर (पफच्याच जातीचा फोम) किंवा रॉकवूलचा (दगडी तंतूंचा) गाभा आगीच्या दृष्टीने बरा. आगीच्या चाचणीचा रिपोर्ट मागितल्याशिवाय फोमचा कुठलाही माल घेऊ नका.

एक चूक खर्च वाचवण्याच्या नावाखाली होते: इन्सुलेशन फॉल्स सीलिंगच्या सुट्या टाइल्सवर अंथरायचं. ईसीबीसी हे स्पष्टपणे नाकारते. टाइल्स उचलल्या जातात, वायरमन येऊन जातो, थर विस्कटतो. शिवाय वरचा स्लॅब तापतच राहतो.

६. आता वरचा थर निवडा

एसआरआय हा आकडा दोन गुणांतून येतो: पृष्ठभाग किती ऊन परतवतो, आणि तापल्यावर उष्णता किती झपाट्याने सोडतो. ठरावीक काळा पृष्ठभाग ० आणि ठरावीक पांढरा १००, अशी ही मोजपट्टी. चांगला पांढरा माल शंभराच्याही वर जाऊ शकतो, त्यामुळे १०४ असा आकडा दिसला म्हणून तो खोटा समजू नका.

दुसरा गुण लोक विसरतात. चकचकीत जस्ताचा पत्रा ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण उष्णता सोडत नाही, म्हणून दुपारी त्यावर हात ठेववत नाही. ईसीबीसीत थंड छतासाठी दोन्ही मागितले आहेत: परावर्तन किमान ०.६ आणि उत्सर्जन किमान ०.९. कोरा पत्रा दुसऱ्या अटीत नापास होतो. त्यावर फिक्या रंगाचा थर लागतोच.

आमच्यापुढे चार पर्याय होते.

पांढरं कोटिंग हलकं आणि स्वस्त. जुन्या इमारतीला बहुतेकदा हेच योग्य. पण ते काही वर्षांनी पुन्हा मारावं लागतं, आणि डांबरी मेम्ब्रेनवर थेट मारलं तर डांबराचं तेल वर येऊन पिवळट-तपकिरी डाग पडतात. मध्ये योग्य प्रायमर हवा. नुसता चुना घराच्या गच्चीला ठीक, पण पहिल्या पावसात बराच धुऊन जातो आणि त्याचा चाचणी अहवालही नसतो.

चायना मोझेक मला मनापासून आवडतं. टाइल्सच्या दुकानांत फुटलेला पांढरा माल वाया जाण्याऐवजी गच्चीवर बसतो, वर्षानुवर्षं टिकतो, पावसाने धुतला जातो. अडचण एवढीच की दहा कारखान्यांचे तुकडे एकत्र येतात, मग एसआरआयचा रिपोर्ट कुणाचा लावणार? त्यासाठी नमुन्याचं एक पॅनेल बनवून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं. हा वेळ वेळापत्रकात धरा.

कारखान्यात बनलेल्या उच्च एसआरआय टाइल्स महाग, पण कागद तयार मिळतात. आमच्या चालायच्या वाटेवर आणि बहुतेक उघड्या भागात आम्ही याच बसवल्या.

चौथी हिरवळ. पूर्ण वजनाचा हिशेब झाल्यावर आम्ही ती फक्त जिन्याशेजारच्या ८० चौरस मीटरवर ठेवली. वॉटरप्रूफिंगवर मुळं अडवणारा थर, त्यावर निचऱ्याचे सेल, जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), मग कोकोपीट मिसळलेली हलकी माती. ईसीबीसीत हिरवं छत म्हणून धरायला रोपं ५० मिलिमीटरपेक्षा उंच लागतात. लॉन लावू नका, एप्रिल-मेमध्ये तिला पाणी पाजणं परवडत नाही. आमच्याकडे गवती चहा, कोरफड आणि चिनी गुलाब तगले.

कोकणात किंवा गोव्यात उतरत्या छपराची इमारत असेल तर मंगलोरी कौलाचा विचार जरूर करा. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला तेव्हापासून हे कौल पश्चिम किनाऱ्यावर टिकून दाखवत आलं आहे. उतरत्या छताला एसआरआयची अट सपाट छतापेक्षा बरीच कमी असते: लीडच्या चौथ्या आवृत्तीत नव्या मालाला ३९. समुद्राजवळ साधा जस्ताचा पत्रा घेऊ नका, खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो. आणि जुने सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे बदलत असाल तर ते फोडू नका, घासू नका. पाणी मारून अखंड उतरवा आणि घातक कचऱ्याची परवानगी असलेल्या संस्थेकडेच द्या. त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते आणि ती कामगारांच्या छातीत जाते.

शेजारी तुमच्यापेक्षा उंच इमारत आहे का, तेही बघा. पांढरी गच्ची समोरच्या सहाव्या मजल्यावरच्या डोळ्यांवर येते. चकाकी नसलेला, मॅट पृष्ठभाग घेतला तर हा त्रास कमी होतो.

७. ऑर्डर देण्याआधी कागद वाचा

आमचा परत गेलेला माल इथला. रिपोर्टवर १०४ एसआरआय होता, प्रयोगशाळा मान्यताप्राप्त होती, दर बरा होता. माल साइटवर आला तेव्हा आमच्या सल्लागारांनी रिपोर्टच्या दुसऱ्या पानावरच्या 'नमुन्याचं वर्णन' या ओळीवर बोट ठेवलं. तिथे शुभ्र पांढऱ्या टाइलचा कोड होता, आलेली टाइल फिक्या मलई रंगाची आणि बिलावर दुसराच कोड. डोळ्याला फरक जेमतेम दिसत होता, पण त्या रिपोर्टवर तो माल दाखवताच आला नसता. परत पाठवण्यात तीन आठवडे गेले.

आणखी एक. "आमचा माल लीड सर्टिफाइड आहे" असं कुणी म्हणालं तर समजून घ्या की लीड इमारतीला मिळतं, मालाला नाही. मालासाठी सीआयआयचं ग्रीनप्रो हे वेगळं प्रमाणपत्र आहे. ते असेल तर त्याची मुदत तपासा.

फाइलमध्ये हे कागद लागतात:

- इंजिनिअरचं वजनाचं पत्र
- क्षेत्रफळाच्या तक्त्यासह गच्चीचा रंगवलेला नकाशा
- छताचा छेद आणि यू-व्हॅल्यूचा हिशेब
- एसआरआयचा चाचणी अहवाल, शेड आणि कोडसकट. नव्या मालाचा आणि मिळाल्यास तीन वर्षांनंतरचाही
- पुनर्वापरित घटकांचं प्रमाण आणि कारखान्याचा पत्ता सांगणारं उत्पादकाचं पत्र
- कोटिंग आणि चिकटद्रव्यांमधल्या व्हीओसीचं (हवेत उडून जाणाऱ्या रसायनांचं) प्रमाण
- खरेदीची बिलं, ज्यावर तोच कोड आहे
- पाणी साठवून केलेल्या चाचणीचे फोटो आणि नोंद
- वॉटरप्रूफिंगची लेखी हमी
- प्रत्येक थराचे तारीखवार फोटो

शेवटचा मुद्दा कंत्राटदारावर सोपवू नका. टाइल बसल्यावर खालचा एक्सपीएस किती जाडीचा होता हे कुणालाच दाखवता येत नाही. आमच्या सुपरवायझरने बोर्डाच्या कडेला टेप लावून ८० चा आकडा दिसेल असे फोटो काढले, आणि तपासणीत नेमके तेच मागितले गेले.

८. ताबा घेतल्यानंतरचं पहिलं वर्ष

एप्रिलच्या एका दुपारी दोन वाजता मी हातातला इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन वर गेले. शेजारच्या जुन्या इमारतीची करड्या कोब्याची गच्ची ५८ अंश दाखवत होती, आमची पांढरी टाइल ४३. तुम्हीही पहिल्याच उन्हाळ्यात असं मोजून ठेवा, दरवर्षी त्याच जागी आणि त्याच वेळी. आकडा चढत गेला तर पृष्ठभाग मळला आहे असं समजा.

पावसाळ्यात शेवाळ आणि काळी बुरशी धरते, उन्हाळ्यात धूळ बसते. पांढऱ्या थराचं बरंचसं परावर्तन नुसतं धुतल्याने परत मिळतं. आम्ही वर्षातून दोनदा धुतो, दिवाळीनंतर आणि मार्चमध्ये, साठवलेल्या पावसाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड वापरू देऊ नका. सफाईच्या कंत्राटात हे लिहूनच टाका.

मेच्या शेवटी पाइपच्या जाळ्या काढून साफ करा. ऑक्टोबरमध्ये कठड्याच्या कडेने एक फेरी मारा आणि पिंपळ, वड, उंबर यांची रोपं दिसतील तिथे मुळासकट काढा. पक्ष्यांच्या विष्ठेतून ती येतात, आणि दोन पानांचं रोप असताना बोटाने निघतं. वर्षभर राहिलं तर मूळ वॉटरप्रूफिंगच्या खाली शिरलेलं असतं.